दगडी कोळशापासून द्रव इंधन : कोळशाचे प्रकार व प्रक्रियेची निवड

१. प्रास्ताविक

भूगोलाच्या वा रसायनशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "आपल्या देशात एवढा दगडी कोळसा आहे आणि कोळशापासून पेट्रोल तयार करता येते असे पुस्तकात लिहिले आहे, मग आपण खनिज तेल बाहेरून का आणतो?" प्रश्न रास्त आहे. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, तर २०२४-२५ या वर्षात देशातील कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. शिक्षक बहुधा "ती प्रक्रिया महाग पडते" एवढे सांगून पुढे जातात. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. प्रक्रिया महाग का पडते, सर्वच ठिकाणी सारखीच महाग पडते काय आणि ज्या देशांनी ती केली त्यांना ती कशी परवडली, हे त्यातून कळत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर कोळशाच्या प्रकारांच्या अंगाने देण्याचा प्रयत्न केला आहे. 'कोळसा' हे एका पदार्थाचे नाव नाही. ते एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. या कुटुंबातील कोणता सदस्य हाती आहे त्यावर कोणती प्रक्रिया चालेल, किती तेल मिळेल आणि किती खर्च येईल हे ठरते. जर्मनी, दक्षिण आफ्रिका, चीन आणि भारत यांचे अनुभव या दृष्टीने तपासले असता बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. रसायनशास्त्र हा ज्यांचा विषय नाही अशा प्राध्यापकांनाही लेख वाचता यावा म्हणून समीकरणे शब्दांत दिली आहेत.

२. कोळशाचे प्रकार

वनस्पतींचे अवशेष दलदलीत गाडले जाऊन प्रथम पीट तयार होते. त्यावर मातीचे थर चढत गेले, उष्णता व दाब वाढत गेला की पीटचे लिग्नाइट, लिग्नाइटचे उप-बिट्युमिनी, त्याचे बिट्युमिनी आणि शेवटी अँथ्रासाइट होते. या क्रमाला कोळशाची 'श्रेणी' म्हणतात. श्रेणी वाढते तसे कार्बनचे प्रमाण वाढते, ऑक्सिजन व पाणी कमी होते आणि अखेरच्या टप्प्यात हायड्रोजनही घटतो.

पुढील तक्त्यातील आकडे वर्गात वापरण्यासाठी पूर्णांकात घेतले आहेत. ते राख व ओलावा वगळून उरलेल्या शुद्ध कोळसा-द्रव्याचे वजनी प्रमाण दर्शवितात. बाकीचा भाग नायट्रोजन व गंधक यांचा आहे.

तक्ता क्र. १
लिग्नाइट : कार्बन ७०, हायड्रोजन ५, ऑक्सिजन २३ टक्के
बिट्युमिनी : कार्बन ८२, हायड्रोजन ५, ऑक्सिजन १० टक्के
अँथ्रासाइट : कार्बन ९४, हायड्रोजन ३, ऑक्सिजन २ टक्के
डिझेल : कार्बन ८६, हायड्रोजन १४ टक्के, ऑक्सिजन जवळजवळ नाही

श्रेणीखेरीज आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, राख. कोळशासोबत मिसळलेली माती व खनिजे जळत नाहीत. ती राखेच्या रूपाने मागे राहतात. राखेचे प्रमाण श्रेणीवर अवलंबून नसते. उत्तम श्रेणीच्या कोळशातही राख भरपूर असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे कोळशाचे सूक्ष्म घटक. सूक्ष्मदर्शकाखाली कोळसा एकजिनसी दिसत नाही. त्यातील व्हिट्रिनाइट व लिप्टिनाइट हे घटक रासायनिक दृष्ट्या क्रियाशील असतात, तर इनर्टिनाइट हा घटक नावाप्रमाणेच निष्क्रिय असतो.

३. हायड्रोजनचा हिशेब

तक्त्याकडे पाहिले की मूळ अडचण लक्षात येते. कोळसा आणि डिझेल या दोहोंत कार्बन भरपूर आहे. फरक हायड्रोजनचा आहे. डिझेलमध्ये कार्बनच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे जवळजवळ दोन अणू असतात. बिट्युमिनी कोळशात हे प्रमाण एकास सुमारे पाऊण इतकेच असते. म्हणून कोळशाचे तेल करणे म्हणजे त्यात हायड्रोजन भरणे आणि त्यातील ऑक्सिजन, गंधक व राख काढून टाकणे होय.

हा हिशेब फळ्यावर मांडता येतो. १०० किलो शुद्ध बिट्युमिनी द्रव्य घेऊ. त्यातील ८२ किलो कार्बनचे पूर्णपणे तेल करायचे, तर कार्बनच्या एका अणूस हायड्रोजनचे दोन अणू या प्रमाणे सुमारे १३.७ किलो हायड्रोजन लागेल. त्यातील ५ किलो कोळशातच आहे. उरलेला ८.७ किलो बाहेरून आणावा लागेल. शिवाय १० किलो ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढून टाकण्यास आणखी सव्वा किलो हायड्रोजन खर्ची पडेल. म्हणजे एकूण सुमारे १० किलो.

हा १० किलो हायड्रोजन आणायचा कोठून? व्यवहारात तोही कोळशापासूनच तयार केला जातो. तापलेल्या कार्बनवर पाण्याची वाफ सोडली की अंतिमतः कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन मिळतात. या क्रियेत १२ किलो कार्बनमागे ४ किलो हायड्रोजन मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आपल्या १० किलो हायड्रोजनसाठी ३० किलो कार्बन खर्च होईल आणि ११० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होईल. यात क्रियेला लागणारी उष्णता, दाब निर्माण करण्यास लागणारी वीज आणि कोणत्याही कारखान्यात होणारी घट धरलेली नाही. ती सर्व धरली की एक टन तेलासाठी साधारणतः तीन ते चार टन कोळसा लागतो.

लिग्नाइटचा हिशेब करून पाहिल्यास एक गमतीची गोष्ट आढळते. त्यात कार्बन कमी असल्याने हायड्रोजन कमी लागावा असे वाटते. परंतु २३ किलो ऑक्सिजनच जवळजवळ ३ किलो हायड्रोजन खाऊन टाकतो. एकूण गरज साडेनऊ किलोपर्यंत जाते आणि तेल मात्र कमी मिळते. प्रत्यक्षात काही ऑक्सिजन कार्बनचे वायू होऊन निघून जात असल्याने गरज थोडी घटते, तरी हिशेबाचा रोख तोच राहतो. अँथ्रासाइटमध्ये ऑक्सिजनची अडचण नाही, परंतु हायड्रोजनची गरज सुमारे १३ किलो होते. हे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यास रेणुभार व अणुभार यांचा सराव होतो आणि "प्रक्रिया महाग का" याचे अर्धे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते.

४. प्रत्यक्ष द्रवीकरण

कोळशाचे द्रवात रूपांतर करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कोळशाचे मोठे रेणू तोडून त्यांत थेट हायड्रोजन भरला जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिड्रिख बेर्गिउस यांनी १९१३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. उच्च दाबाच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना आणि कार्ल बॉश यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या पद्धतीत कोळशाची बारीक पूड प्रक्रियेतूनच निघालेल्या जड तेलात कालवून लगदा केला जातो. त्यात लोहयुक्त उत्प्रेरक मिसळून सुमारे ४५० अंश सेल्सियस तापमानास व २०० ते ७०० वातावरण दाबाखाली हायड्रोजन सोडला जातो. ४०० अंशांच्या पुढे कोळशातील बंध तुटू लागतात आणि अर्धवट तुटलेले अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात. त्यांना तत्क्षणी हायड्रोजन मिळाला तर ते तेल होऊन स्थिरावतात. न मिळाल्यास पुन्हा एकमेकांना चिकटून त्यांचा कोक बनतो. एवढ्या मोठ्या दाबाची गरज का, याचे उत्तर येथे आहे. हायड्रोजन सहज सोडणारे टेट्रालिनसारखे द्रावक वापरल्यास हे काम सुकर होते.

पहिला मोठा कारखाना १९२७ मध्ये जर्मनीतील लॉयना येथे सुरू झाला आणि तेथे तपकिरी कोळसा, म्हणजेच लिग्नाइट, वापरला गेला. लिग्नाइटमध्ये ओलावा व ऑक्सिजन जास्त असला तरी त्याची रचना सैल असते, त्यामुळे ते सुमारे २०० वातावरण दाबाखाली फुटते. पुढे रूर खोऱ्यातील बिट्युमिनी कोळसा वापरण्याची वेळ आली तेव्हा श्कोल्फेन येथे ३०० आणि गेल्सेनबेर्ग येथे ७०० वातावरण दाब द्यावा लागला. कोळशाचा प्रकार बदलला की पोलादी पात्रांची जाडी, पंप, झडपा असे सारे काही बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. अँथ्रासाइट तर या मार्गाने जवळजवळ निरुपयोगीच ठरतो.

प्रत्यक्ष द्रवीकरणासाठी आदर्श कोळसा म्हणजे हायड्रोजन व बाष्पनशील द्रव्ये भरपूर असलेला, व्हिट्रिनाइटप्रधान आणि कमी राखेचा. राख साधारणतः १० टक्क्यांच्या आत असलेली बरी. कारण राखेचे कण झडपा झिजवतात, उत्प्रेरक निकामी करतात आणि शेवटी घट्ट तेलातून वेगळे काढणे अवघड जाते. मिळणाऱ्या तेलात वलयी रेणूंचे प्रमाण जास्त असल्याने त्याचे पेट्रोल चांगले होते. डिझेल मात्र बेताचेच होते.

युद्धकाळापर्यंत जर्मनीत हायड्रोजनीकरणाचे १२ आणि पुढे वर्णन केलेल्या दुसऱ्या पद्धतीचे ९ कारखाने उभे राहिले. विमानांसाठी लागणारे बहुतेक पेट्रोल हायड्रोजनीकरणातून येई. मे १९४४ पासून दोस्त राष्ट्रांनी या कारखान्यांवर पद्धतशीर बाँबहल्ले सुरू केले आणि काही महिन्यांतच जर्मन विमानदल इंधनाअभावी लुळे पडले. या उद्योगात वेठबिगार कामगार व छळछावण्यांतील कैदी राबविले गेले, ही गोष्टही इतिहासाच्या शिक्षकांनी नोंदवावी अशीच आहे. या तेलाचा हिशेब बाजारभावाने कधी झालाच नव्हता.

अलीकडच्या काळात या मार्गाचा मोठा प्रयोग चीनने केला. आतील मंगोलियातील ऑर्डोस येथे शेनहुआ कंपनीचा वार्षिक सुमारे १० लाख टन क्षमतेचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये प्रथम चालविण्यात आला. तेथील कोळसा कमी राखेचा व सहज क्रिया होणारा आहे. ज्या खाणीचा कोळसा या मार्गास योग्य होता तिच्याजवळच कारखाना बांधला गेला, हे येथे लक्षात घ्यावे.

५. अप्रत्यक्ष द्रवीकरण

दुसऱ्या मार्गात कोळशाची रचना टिकविण्याचा प्रयत्नच केला जात नाही. कोळशाचे प्रथम वायूत रूपांतर करतात आणि त्या वायूपासून नव्याने तेलाचे रेणू बांधतात.

पहिली पायरी वायूकरणाची. मर्यादित ऑक्सिजन व वाफ यांच्या साहाय्याने कोळसा तापविला की पुढील क्रिया घडते :
कार्बन + पाण्याची वाफ → कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजन
ही क्रिया उष्णता शोषून घेते. म्हणून काही कोळसा त्याच पात्रात जाळून ती उष्णता पुरवावी लागते. मिळणाऱ्या मिश्रणाला संश्लेषण वायू म्हणतात. त्यातील गंधक काटेकोरपणे काढून टाकावे लागते, कारण अत्यल्प गंधकही पुढील उत्प्रेरकाला मारक ठरते.

दुसरी पायरी संश्लेषणाची. म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत शोधून काढली :
कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजन (दुप्पट) → हायड्रोकार्बन साखळी + पाणी
लोह वा कोबाल्टच्या पृष्ठभागावर कार्बनचे अणू एकेक करून जोडले जातात आणि लहानमोठ्या साखळ्या तयार होतात.

येथेही हायड्रोजनचा प्रश्न सुटत नाही. संश्लेषणासाठी हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण दोनास एक हवे. कोळशाच्या वायूत ते सहसा त्याहून कमी असते. म्हणून काही कार्बन मोनॉक्साइडवर पुन्हा वाफेची क्रिया करून हायड्रोजन मिळवावा लागतो आणि तेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोहाचा उत्प्रेरक ही दुरुस्ती काही अंशी स्वतःच करतो. कोबाल्ट करीत नाही. त्यामुळे कोळशासाठी सहसा लोह आणि नैसर्गिक वायूसाठी कोबाल्ट अशी विभागणी पडली आहे.

या मार्गाने मिळणारे रेणू प्रामुख्याने सरळ साखळीचे असतात. त्यांचे डिझेल उत्तम होते व त्यात गंधक जवळजवळ नसते. २२० ते २४० अंशांस क्रिया केल्यास मेण व डिझेल, तर ३४० अंशांच्या आसपास केल्यास पेट्रोल व रसायनउद्योगास उपयुक्त असे हलके वायू जास्त मिळतात. संश्लेषण वायूपासून मेथॅनॉल बनवून पुढे त्याचे पेट्रोल करण्याचीही एक शाखा आहे.

अप्रत्यक्ष मार्गाचा मोठा फायदा म्हणजे तो कोळशाच्या बाबतीत चोखंदळ नाही. एकदा वायू तयार झाला की तो लिग्नाइटचा की बिट्युमिनीचा हे उत्प्रेरकाला कळत नाही. निवडीचा प्रश्न मागे ढकलला जातो. तो वायूकरणाच्या भट्टीपाशी येऊन उभा राहतो.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. १९५० मध्ये सासोल कंपनीची स्थापना झाली आणि १९५५ मध्ये सासोलबर्ग येथे पहिले तेल तयार झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर आणि १९७९ मध्ये इराणकडून होणारा पुरवठा थांबल्यानंतर सेकुंडा येथे दोन प्रचंड कारखाने उभे करण्यात आले. ते १९८० व १९८२ मध्ये सुरू झाले. दोहोंची मिळून क्षमता दिवसाला सुमारे दीड लाख बॅरलची आहे. वर्णद्वेषी राजवटीमुळे देशावर तेलबंदी होती, कोळसा स्वस्त होता आणि खाणी कारखान्याच्या दारात होत्या. तरीही १९५५ च्या मूळ सासोलबर्ग कारखान्याने २००४ मध्ये कोळसा सोडून मोझांबिकमधून नळाने येणारा नैसर्गिक वायू स्वीकारला. सेकुंडा आजही कोळशावर चालते आणि जगात एकाच ठिकाणाहून हरितगृह वायू सोडणाऱ्या सर्वांत मोठ्या स्रोतांमध्ये त्याची गणना होते.

६. भट्टीची निवड आणि राखेचा प्रश्न

वायूकरणाच्या भट्ट्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

(अ) स्थिर थराची भट्टी : लुर्गी पद्धत याच प्रकारातील आहे. कोळशाचे ढेकळे वरून पडतात, वायू खालून वर जातो आणि राख कोरडी बाहेर पडते. जास्त राखेचा कोळसा हिला चालतो. मात्र कोळशाची पूड चालत नाही, एकमेकांस चिकटणारा कोळसा चालत नाही आणि वायूबरोबर डांबर व फिनॉलयुक्त पाणी निघते. सेकुंडा येथे याच भट्ट्या आहेत.

(आ) प्रवाही थराची भट्टी : बारीक कोळसा वायूच्या झोतावर उकळत्या पाण्यासारखा खदखदत ठेवला जातो. तापमान राखेच्या द्रावणांकाखाली, साधारणतः १००० अंशांच्या आसपास ठेवतात. उच्च राखेच्या कोळशाला ही पद्धत मानवते. पण काही कार्बन न जळताच राखेबरोबर निघून जातो.

(इ) झोताची भट्टी : अत्यंत बारीक पूड ऑक्सिजनबरोबर फवारली जाते, तापमान १४०० अंशांच्या वर जाते आणि राख वितळून बाहेर पडते. वायू स्वच्छ मिळतो, डांबर निघत नाही. परंतु जेवढी राख तेवढी वितळविण्यासाठी उष्णता लागते.

आता राखेचा हिशेब पाहू. एका कोळशात १० टक्के राख व ५ टक्के ओलावा आहे. १०० टनांत ८५ टन शुद्ध द्रव्य मिळते. दुसऱ्यात ४० टक्के राख व ८ टक्के ओलावा आहे. शुद्ध द्रव्य ५२ टनच. पहिल्यात एक टन शुद्ध द्रव्यामागे सुमारे १२० किलो राख हाताळावी लागते, दुसऱ्यात जवळजवळ ७७० किलो. खणणे, वाहून आणणे, दळणे, तापविणे आणि पुन्हा टाकून देणे, या प्रत्येक पायरीवर ही राख पैसे खाते.

७. भारतातील कोळसा व भारतातील अनुभव

भारतातील बहुतेक कोळसा गोंडवन काळातील आहे. दामोदर, महानदी, वर्धा व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतील खाणी याच गटात मोडतात. दक्षिण आफ्रिकेचा कोळसाही भूशास्त्रीय दृष्ट्या याच कुळातील आहे, म्हणून "त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?" असे विचारले जाते. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते, ती कोळशात इतकी बारीक मिसळलेली असते की धुवून पुरती निघत नाही आणि तिच्यात सिलिका व अ‍ॅल्युमिना भरपूर असल्याने तिचा द्रावणांकही उंच असतो. त्यातच इनर्टिनाइटचे प्रमाण जास्त. सारांश, प्रत्यक्ष द्रवीकरणास हा कोळसा योग्य नाही आणि झोताच्या भट्टीत तो महागात पडतो.

आसामचा कोळसा मात्र वेगळा आहे. तो वयाने तरुण, कमी राखेचा व व्हिट्रिनाइटप्रधान आहे. प्रत्यक्ष द्रवीकरणाला लागणारे बहुतेक गुण त्यात आहेत. दुलियाजान येथे ऑइल इंडियाने लहान प्रायोगिक संयंत्रावर त्याची चाचणीही घेतली. परंतु त्यात गंधक जास्त आहे आणि देशातील एकूण साठ्यात त्याचा वाटा फार लहान आहे. तमिळनाडूतील नेय्वेलीच्या लिग्नाइटमध्ये राख कमी, पण निम्म्याच्या आसपास पाणी आहे. तेथे एके काळी लिग्नाइटच्या वायूपासून खत बनविले जात असे.

या विषयातील संशोधनाशी हैदराबादचा जुना संबंध आहे. तेथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) सिंगरेणीच्या कोळशावर कमी तापमानाचे कोकीकरण आणि पुढे वायूकरण यांचे प्रायोगिक काम झाले. प्रयोगशाळेचे संचालक डॉ. सय्यद हुसेन झहीर यांनी कोळशाच्या कामाला चालना दिली. पुढे ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. कोकीकरण म्हणजे हवेशिवाय कोळसा तापवून त्यातील डांबर बाहेर काढणे. यात बाहेरून हायड्रोजन लागत नाही. पण तेल थोडेच मिळते आणि बहुतेक कोळसा कोकच्या रूपात उरतो.

मोठ्या प्रमाणावरील धडा मिळाला तो तेलंगणातील रामगुंडम आणि ओडिशातील तालचेर येथे. हे दोन्ही खत कारखाने १९८० मध्ये कोळशाच्या वायूकरणावर सुरू झाले. त्यांत तेल बनत नव्हते. परंतु वायूकरणाची पहिली पायरी तीच होती. निवडलेली भट्टी कोपर्स–टोट्झेक पद्धतीची, म्हणजे झोताच्या प्रकारातील होती. उच्च राखेचा कोळसा, विजेचा अपुरा व अनियमित पुरवठा आणि यंत्रांचा परस्परांशी न जुळलेला मेळ यांमुळे ते क्षमतेप्रमाणे कधीच चालले नाहीत आणि १९९९ मध्ये बंद पडले. रामगुंडमचा कारखाना २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. सिंगरेणीच्या खाणी शेजारी असूनही तो आता नैसर्गिक वायूवर चालतो. तालचेरच्या पुनरुज्जीवनासाठी कोळशात पेट्रोलियम कोक मिसळण्याची योजना करण्यात आली. म्हणजे मिश्रणातील राख उतरविण्याचा हा मार्ग होय.

ओडिशातच २००९ मध्ये कोळशापासून तेल बनविण्यासाठी दोन कोळसा पट्टे टाटा–सासोल यांची संयुक्त कंपनी व जिंदाल समूह यांना देण्यात आले होते. कारखाने उभे राहण्यापूर्वीच सप्टेंबर २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अन्य अनेक पट्ट्यांबरोबर हे वाटपही रद्द झाले. ओडिशातील अंगुल येथे मात्र लुर्गी भट्ट्यांतून देशी कोळशाचा वायू करून तो पोलाद उद्योगात वापरण्यात आला. उच्च राखेच्या कोळशाचे वायूकरण भारतात होऊ शकते, हे त्यावरून दिसते. जानेवारी २०२२ मध्ये हैदराबाद येथे भेल कंपनीने प्रवाही थराच्या भट्टीवर आधारित, उच्च राखेच्या कोळशापासून दिवसाला पाव टन मेथॅनॉल देणारे प्रायोगिक संयंत्र सुरू केले. आकार छोटा आहे, पण भट्टी कोळशाकडे पाहून निवडली गेली ही त्यातील महत्त्वाची बाब होय. केंद्र सरकारने २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठेवले असून जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली.

८. पाणी, कार्बन डायऑक्साइड व भांडवल

हायड्रोजन अखेर पाण्यातूनच येतो आणि कारखाना थंड ठेवण्यासही पाणी लागते. कोळशाच्या खाणी पुष्कळदा पाण्याची टंचाई असलेल्या भागात असतात. ऑर्डोस हे त्याचे उदाहरण आहे. कार्बन डायऑक्साइडचा विचार केला तर, तो पकडून साठविण्याची व्यवस्था नसल्यास, कोळशापासूनचे डिझेल खाणीपासून वाहनाच्या धुरापर्यंत मिळून खनिज तेलाच्या डिझेलच्या सुमारे दुप्पट उत्सर्जन करते. कारखान्यातील वायू शुद्ध करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतोच, त्यामुळे तो पकडणे वीजकेंद्राच्या मानाने सोपे आहे. साठविण्याचा प्रश्न मात्र उरतो.

तिसरी बाब भांडवलाची. असा कारखाना उभारण्यास अनेक वर्षे व प्रचंड रक्कम लागते आणि दरम्यान तेलाचे भाव कोसळू शकतात. १९८० मध्ये अमेरिकेने कृत्रिम इंधनासाठी खास महामंडळ स्थापन केले; तेलाचे भाव उतरल्यावर १९८६ मध्ये ते गुंडाळावे लागले. जर्मनी व दक्षिण आफ्रिका यांनी हा मार्ग स्वीकारला तो नफ्यासाठी नव्हे, तर त्यांना तेल मिळण्याची खात्री नव्हती म्हणून. चीनच्या निर्णयातही आयातीची चिंता हे मोठे कारण आहे. सुरक्षिततेसाठी किती किंमत मोजावी हा प्रश्न अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या कक्षेतील आहे. रसायनशास्त्र फक्त ती किंमत कशाकशाची आहे हे सांगते.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

(१) कोळशात कार्बन भरपूर आहे, पुरेसा हायड्रोजन नाही. तो मिळविण्यासाठी कोळशाचाच एक भाग खर्च करावा लागतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोणत्याही मार्गाने हा हिशेब चुकत नाही.

(२) कमी राखेचा, हायड्रोजनयुक्त व क्रियाशील कोळसा असेल तर प्रत्यक्ष द्रवीकरण शक्य होते. अन्य कोळशासाठी अप्रत्यक्ष मार्ग उरतो आणि त्यात भट्टीची निवड राखेवर ठरते.

(३) भारतातील साठ्यांचा फार मोठा भाग उच्च राखेचा आहे. म्हणून अन्य देशांचा कारखाना जसाच्या तसा येथे आणून चालत नाही. रामगुंडम व तालचेर यांचा अनुभव हेच सांगतो.

तेव्हा वर्गात तो प्रश्न पुन्हा विचारला गेल्यास "महाग पडते" एवढ्यावर न थांबता विद्यार्थ्यांना एक उलट प्रश्न विचारावा : "कोणता कोळसा?" त्यांना तक्ता क्र. १ देऊन हायड्रोजनचा हिशेब करू द्यावा, राखेचा हिशेब करू द्यावा, मग नकाशावर लॉयना, सेकुंडा, ऑर्डोस आणि रामगुंडम शोधायला सांगावे. शक्य असेल तेथे चंद्रपूर वा सिंगरेणी परिसरातील कोळशाचा एखादा तुकडा आणून वर्गात तोलून जाळावा आणि उरलेली राख तोलावी. प्रयोगशाळेतील साधा तराजू, चिनी मातीची मुशी व बर्नर एवढ्या साहित्यावर हा प्रयोग होतो. मात्र खोली हवेशीर असावी आणि राख पांढुरकी होईपर्यंत धीर धरावा. मुशीच्या तळाशी उरलेला तो ढीग पाहिला म्हणजे देशाच्या इंधनाचा प्रश्न किती अवघड आहे, हे विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.